बावीस फूट, एकतीस फूट

महोन बेमध्ये एप्रिल. कुंपणाच्या सावलीत
बर्फ अजून मळक्या उशीसारखं पडलंय.
दोन्ही होड्या टेकूंवर, शेजारी शेजारी,
पाण्याबाहेर ओशाळल्यासारख्या.
व्हर्ना कॉर्कमने एकच विचारलं:
यांतली कुठली ठेवू?

माझं काम ठोकायचं.
प्लास्टिकच्या डोक्याची हातोडी, कान वीतभर अंतरावर,
दर चार बोटांवर एक टोला.
टण् म्हणजे धड.
ठप् म्हणजे आत पाणी बसलंय.
अहवालात बाकी जे काय लिहितो
तो या दोन आवाजांचा पसारा.

धाकटी आधी. सदुसष्ट सालची, बावीस फूट;
वयाने थोरली, अंगाने धाकटी.
तेव्हा फायबरग्लास नवं होतं,
बांधणाऱ्यांचा त्यावर काडीचा भरवसा नव्हता,
म्हणून थरावर थर, थरावर थर,
लाकडाच्या हिशेबानं जाड केली तिची कूस.
भ्यायलेल्या हातांची होडी.
टण्. टण्. टण्.
सुकाणूपासून नाळेपर्यंत एकही खोटा सूर नाही.

मग एकतीस फुटी, पंच्याहत्तरची.
तोवर तेल महागलं होतं, रेझिन महागलं होतं,
आणि विश्वास बसला होता.
विश्वास बसला की भिंत पातळ होते,
हे मी पुष्कळ ठिकाणी पाहिलंय,
होड्या सोडूनही.

पण आत काय ऐसपैस!
सहा फुटी माणूस ताठ उभा राहील.
दोन बर्नरची शेगडी, घडीचं टेबल,
पुस्तकं घसरू नयेत म्हणून फळीला आडवी पट्टी,
आणि डोलकाठीच्या बुंध्याशी, भिंतीवर, पेन्सिलीनं
हवेचा दाब: १००४, ९९८, ९९१.
त्याखाली दुसऱ्या अक्षरात: आता तरी वळूया का?
त्याखाली पहिल्याच अक्षरात: वळलो.

उजव्या अंगाला, जिथं डोलकाठीची तार
डेकमधून खाली उतरते, तिथं
ठप्.
हात पुढे सरकवला. ठप्. ठप्.
खडूनं रेघ ओढली; टॉवेलएवढा भाग निघाला.
‘पुन्हा वाजवा,’ शिडीवरून व्हर्ना म्हणाली.
वाजवलं.
‘हं. हा एल्डन.
सतरा हिवाळे म्हणत होता, पुढच्या हिवाळ्यात बघतो.
खाली माझं अंथरूण. सतरा उन्हाळे मी
उशाशी चहाचं पातेलं ठेवून झोपले.’

मी आकड्यांकडे वळलो, सवय.
मोठीचं शीड चढवायला दोन माणसं लागतात,
किंवा एक माणूस आणि दोन धड खुबे.
व्हर्नाचा एक खुबा गेल्या वर्षी स्टीलचा झाला.
मोठी न्यूफाउंडलंडला जाऊन आलीय.
धाकटी फार तर तीन बेटं ओलांडेल
आणि दिवे लागायच्या आत परत.
मोठीचा नांगर मलाच उचलवेना,
धाकटीचा एका हातात, भोपळ्याएवढा.
‘हिच्यात मात्र,’ मी बजावलं, ‘आत उभं राहता येत नाही.’
‘मी कुठं आत उभी राहायला जातेय?’

मग म्हणाली, ‘मोठीचं खरं लिहा.
ठप् तिथं ठप्. घेणाऱ्याला कळू दे.’
चार हजार तरी उतरतील, मी सांगितलं.
‘उतरू देत.’

शिडीच्या प्रत्येक पायरीवर थांबत
ती एकतीस फुटीत शिरली, आणि बराच वेळ आतच.
मी खाली थर्मासातली कॉफी पीत
भलतंसलतं ऐकायला लागू नये म्हणून
मुद्दाम चमचा वाजवत राहिलो.
आली ती पातेलं घेऊन,
बुडाशी सतरा वर्षांची तांबूस वर्तुळं.

धाकटीत ते कुठंच मावेना.
बाकाखाली नाही, फळीवर नाही.
शेवटी नाळेत, दोरांच्या वेटोळ्यात,
तोंड वर करून ठेवलं.
‘ही गळत नाही,’ मी म्हणालो.
‘माहितेय,’ ती म्हणाली.